ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वर्ग कसा लावायचा, जरा सविस्तर

ऑटिझम असलेलं मूल वर्गात येणार हे कळलं की बहुतेक शिक्षक आधी विचारतात, याला सांभाळायचं कसं? प्रश्न बरोबर आहे पण जरा उशिराचा आहे, कारण मूल आल्यावर काय करायचं याच्या आधी खोलीचं काय करायचं ते बघावं लागतं. वर्ग बाकीच्या मुलांशी न बोलता खूप काही बोलत असतो. बाईंनी पुस्तक मिटलं की तास संपत आला, बाजूच्याने दप्तर उघडलं की आपणही उघडायचं, सर दारात उभे राहिले आणि हसले नाहीत म्हणजे आज दंगा नको. हे कोणी शिकवत नाही, मुलं आपोआप उचलतात. ऑटिझम असलेल्या मुलाला हे इशारे एकतर लक्षातच येत नाहीत किंवा येतात पण त्यातला कामाचा कुठला आणि फालतू कुठला ते वेगळं काढता येत नाही, पंख्याचा आवाज, बाईंचा आवाज आणि बाहेरच्या गाडीचा आवाज सगळे सारख्याच जोरात कानावर येतात. मग ते मूल दिवसभर अंदाज बांधत बसतं, आणि अंदाज बांधून बांधून दमलं की पुढे जे होतं त्याला आपण बिहेवियर प्रॉब्लेम म्हणतो. तर वर्ग लावायचा म्हणजे एवढंच की मुलाला कुठे कुठे अंदाज बांधावा लागतोय ते शोधायचं आणि तिथे उत्तर डोळ्यांना दिसेल असं ठेवून द्यायचं. ऐकायला सोपं आहे, करताना बारीक बारीक गोष्टींत जीव जातो, म्हणून हा एवढा मोठा लेख.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, फार नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन लिहिलं, त्यात त्यांनी टिपलेली एक मुख्य गोष्ट म्हणजे सगळं जसंच्या तसं राहावं ही मुलांची जबरदस्त ओढ. त्यानंतर बरीच वर्षं दोष आईबापांवर टाकला गेला, आई थंड वागली म्हणून मूल असं झालं वगैरे, ब्रुनो बेटलहाइम हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. गंमत अशी की बेटलहाइम जिथे शिकवायचे त्याच शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर शिकले आणि बरोब्बर उलट्या बाजूला गेले. त्यांचं म्हणणं, आईबाप हे कारण नाहीत, ते आपले सहकारी आहेत, आणि या मुलांची माहिती घ्यायची पद्धत वेगळी आहे तर शिकवण्याची मांडणीही वेगळी हवी. १९७२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यांचा 'टीच' नावाचा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला आणि आज आपण चित्रांचं टाइमटेबल, कामाचे ट्रे, वेगवेगळे कोपरे हे जे काही बघतो त्यातलं पुष्कळसं तिथून आलेलं आहे. आणखी एक तारीख, २०१३. त्या वर्षी डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकन निकषांत आवाज, उजेड, स्पर्श यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे ऑटिझमच्या लक्षणांत अधिकृतपणे आलं. म्हणजे कानावर हात ठेवणारं मूल नाटक करत नाहीये, हे आता निकषांतच लिहिलेलं आहे.

आणि हो, ऑटिझमला स्पेक्ट्रम म्हणतात, पण स्पेक्ट्रम म्हणजे सौम्य ते तीव्र अशी सरळ पट्टी नाही. एखादा मुलगा घडाघडा बोलतो, ग्रहांची नावं अंतरासकट सांगतो, पण बूट बदलताना रोज अडकतो. दुसरी मुलगी एक शब्द बोलत नाही आणि फळ्यावरचं सगळं वाचते. त्यामुळे खाली जे आहे ते जसंच्या तसं सगळ्यांना लागू करू नका, मुलाकडे बघून कमीजास्त करा.

आता खोली. नियम असा की एका जागेचं शक्यतो एकच काम. इथे एकट्याने काम करायचं, इथे शिक्षकाबरोबर बसून नवीन शिकायचं, इथे सगळे गोलात बसतात, इथे मोकळा वेळ. जागा कमी असते हे मान्य, मग जमिनीवर रंगीत टेप लावा, चटई टाका, कपाट आडवं फिरवा, तेवढ्याने सीमा दिसते. एकच टेबल दोन कामांना वापरावं लागत असेल तर कामाच्या वेळी त्यावर एका रंगाचं कापड आणि खेळाच्या वेळी दुसऱ्या रंगाचं, असंही चालतं. मुलाची जागा दाराजवळ नको, खिडकीशेजारी नको आणि ज्या वाटेने सगळी मुलं ये-जा करतात तिथे तर अजिबात नको, पाठीमागे भिंत असेल तर उत्तम, कारण मागून कोण येतंय हे बघायचं काम कमी होतं. काही मुलांना भिंतीकडे तोंड करून बसलं की बरं वाटतं, पण ती शिक्षा वाटणार नाही याची काळजी घ्या आणि दिवसभर तसंच बसवू नका.

भिंतींबद्दल बोललं की शिक्षकांना राग येतो, पण बोलतोच. तक्ते, झालरी, लटकणारी कागदी फुलं, प्रत्येक मुलाचं चित्र, वाढदिवसांचा बोर्ड, हे सगळं पाहुण्यांना आवडतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला होता, तोही ऑटिझम नसलेल्या मुलांवर, त्यात सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि ती शिकली कमी. मग ज्याला नको ती गोष्ट बाजूला सारायला मुळातच जड जातं त्याचं काय होत असेल विचार करा. सगळं काढून टाका असं नाही म्हणत, निदान फळ्याच्या आजूबाजूचा भाग आणि मुलाच्या समोरची भिंत मोकळी ठेवा, बाकी सजावट मागच्या भिंतीवर न्या. उघड्या कपाटांना साधा पडदा लावला तरी खोली एकदम शांत दिसते.

आवाज आणि उजेडाचं पण तसंच. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात, म्हणजे ५० हर्ट्झची वीज असेल तिथे सेकंदाला १०० वेळा, बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींना त्रास होतो आणि चोकची घूंऽऽ तर स्पष्ट ऐकू येते. शक्य असेल तर त्या बदला, नाहीतर मुलाच्या डोक्यावरची एक बंद करून खिडकीचा उजेड घ्या. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट किंवा रबराचे बूच लावले की अर्धी कटकट जाते. घंटा वाजणार असेल तर आधी सांगा, कानाला हेडफोन लावू द्या, पण दिवसभर नको, आवाज वाढेल तेव्हाच. उलट प्रकारची मुलंही असतात, ज्यांना जास्त हवं असतं, ती टेबल बडवतात, भिंतीला धडकतात, दोरी चावतात. अशा मुलाला शांत बस म्हणून उपयोग नसतो, त्याला जड वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेऊन द्यायचं काम द्या, खुर्चीच्या पुढच्या पायांना रबरी पट्टा बांधून त्यावर पाय मारू द्या, मग तो बसतो.

एक शांत कोपरा लागतोच. उशी, कमी उजेड, एखादी हातात दाबायची वस्तू, बास. एकच अट, तो कोपरा शिक्षेसाठी कधीही वापरायचा नाही. रागाने एकदा जरी 'जा तिकडे बस' म्हटलं की त्या जागेचं काम संपलं, मग मूल स्वतःहून तिथे जाणार नाही.

आता टाइमटेबल, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. बोललेला शब्द हवेत विरून जातो, चित्र तिथेच राहतं, परत परत बघता येतं. दिवसात काय काय होणार ते कार्डांवर, वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे, वेल्क्रोने चिकटवलेलं. मूल स्वतः जाऊन पहिलं कार्ड काढतं, त्या जागी नेऊन तिथल्या तशाच कार्डाला लावतं, काम झालं की परत येऊन पुढचं बघतं. कार्ड कसलं हे मुलावर आहे. ज्याला चित्र म्हणजे वस्तूची खूण हे अजून कळत नाही त्याला खरी वस्तू द्या, चेंडू म्हणजे मैदान, चमचा म्हणजे डबा. मग फोटो, मग रेखाचित्र, मग लिहिलेला शब्द. आणि इथे एक बारीक पण फार कामाची गोष्ट, मुलाला चांगल्या दिवशी काय समजतं यावर ठरवू नका, सगळ्यात वाईट दिवशी, झोप झालेली नसताना, चिडलेलं असताना काय समजतं त्यावर ठरवा. वाचता येतं म्हणून शब्द लावले आणि गोंधळाच्या वेळी मुलाला शब्द दिसेनासे झाले तर ज्या वेळी टाइमटेबलची खरी गरज होती नेमकं तेव्हाच ते निकामी.

लांबी पण बघा. सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवस दाखवला तर कधीकधी उलटं होतं, ते घरी जायच्या कार्डाकडेच बघत बसतं. अशा वेळी फक्त दोन कार्डं ठेवा, आधी हे मग ते. आधी लिहिणं, मग झोका. हळूहळू तीन, चार, अर्धा दिवस.

लोक म्हणतात, असं टाइमटेबल दिलं तर मूल अजून हट्टी होईल, जरा बदल झाला की गोंधळ घालेल. उलट आहे हो. मुलाला सवय 'आधी गणित मग चित्रकला' याची लावायची नसते, सवय 'पुढे काय ते तिथे जाऊन बघायचं' याची लावायची असते. एकदा ती लागली की बदलसुद्धा टाइमटेबलवरच येतो. त्यासाठी 'बदल' असं एक वेगळ्या रंगाचं कार्ड ठेवा, आणि सुरुवातीला ते फक्त चांगल्या बदलांसाठी वापरा, व्याकरणाच्या जागी मैदान वगैरे. चांगल्या बदलांवर ते कार्ड ओळखीचं झालं की मग पावसामुळे मैदान रद्द हे सांगायला तेच वापरता येतं. रडणार नाही असं नाही, पण काय झालंय हे कळलेलं असतं आणि त्याने फार फरक पडतो. मोठ्या प्रसंगांसाठी, म्हणजे आगीची ड्रिल, डॉक्टरांची तपासणी, नवीन शिक्षक, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने रुजवलेली सोशल स्टोरीची पद्धत चांगली आहे. मुलासाठी छोटी गोष्ट लिहायची, काय होईल, कुठे होईल, लोक काय करतील आणि का. यात आज्ञा कमी आणि माहिती जास्त असावी लागते, नाहीतर लोक गोष्टीच्या नावाखाली नियमांची यादीच लिहितात, मी शांत बसेन, मी ओरडणार नाही, मी हे करेन, मग मूल ती कशाला वाचेल.

टाइमटेबल सांगतं कुठे जायचं. तिथे गेल्यावर काय करायचं याला वेगळी मांडणी लागते, आणि ती बहुतेक वर्गांत नसते. मुलाला बसल्या जागी चार गोष्टी कळायला हव्यात, कुठलं काम, किती काम, संपलं हे कसं कळणार, आणि संपल्यावर काय. साधी सोय अशी की डावीकडे तीन ट्रे, मध्ये टेबल, उजवीकडे 'झालं' लिहिलेली मोठी पेटी. ट्रे घ्यायचा, काम करायचं, पेटीत टाकायचा. तिन्ही ट्रे गेले की संपलं, आणि शेवटी ज्या गोष्टीचं कार्ड आहे ती करायची. या चारपैकी तिसरा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित आहे. आपण म्हणतो अजून थोडं कर, झालंच आता, शेवटचं एक, आणि मग आणखी एक. मुलाच्या दृष्टीने ते काम कधीच न संपणारं असतं, मग ते पहिल्याच ओळीला कागद फाडतं आणि आपण म्हणतो याला लिहायला आवडत नाही. कागदावर ३० गणितं असतील आणि त्यातली पाच करायची असतील तर कागद दुमडून पाचच दिसू द्या. वेळ दाखवायची असेल तर कमी कमी होत जाणारा रंग दिसतो तसला टायमर घ्या, 'पाच मिनिटं' हा शब्द बऱ्याच मुलांना काहीच सांगत नाही.

कामसुद्धा असं असावं की बघूनच कळेल. दहा खाचा आणि दहा चिमटे, तर सूचना लागतच नाही. रंगाप्रमाणे लावायचं असेल तर प्रत्येक डब्यावर तो रंग. निबंध लिहायचा असेल तर कोरं पान देऊ नका, चार चौकटी आखून द्या, प्रत्येकीत एक प्रश्न. मोठ्या वर्गातली हुशार मुलं कोऱ्या पानासमोर तासभर बसून राहतात आणि शिक्षकांना वाटतं आळशी आहे. सुरुवात कुठून करायची हे ठरवणं हेच त्यांच्यासाठी सगळ्यात जड काम असतं.

बोलण्याबद्दल. आपण शिक्षक लोक फार बोलतो, हे आधी मान्य करूया. सूचना छोटी, एका वेळी एक, आणि सांगून झाल्यावर मनात दहा मोजायचे. हे दहा आकडे फार लांब वाटतात, वर्गात तेवढी शांतता कोणाला सहन होत नाही, म्हणून आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत परत सांगतो, आणि मुलाचं पहिल्या वाक्यावरचं काम अर्ध्यावर असताना त्याच्यासमोर दुसरं वाक्य येऊन पडतं, झालं, पहिल्यापासून सुरू. परत सांगायचंच असेल तर तेच शब्द, तसेच. 'मुलांनो वह्या काढा' यात आपण आलो हे काही मुलांना कळत नाही, नाव घ्या. 'धावू नकोस' म्हटलं की काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते नाही कळत, त्यापेक्षा 'चालत जा'. 'बसतोस का जरा?' हा प्रश्न आहे, मुलाने नाही म्हटलं तर त्याने उद्धटपणा केलेला नाही, तुम्ही विचारलंत त्याने सांगितलं. डोकं खाऊ नकोस असलं काही बोलाल तर मूल खरंच गोंधळून तुमच्या डोक्याकडे बघेल. आणि 'माझ्याकडे बघ' हे सोडून द्या. अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं सांगतात की डोळ्यांत बघायचं आणि ऐकायचं ही दोन्ही कामं एकदम होत नाहीत, मग आपल्याला कुठलं हवंय ते आपणच ठरवायचं.

काही मुलं ऐकलेलंच परत बोलतात. पूर्वी याला निरर्थक बडबड समजून बंद करायचा प्रयत्न व्हायचा, १९८० च्या दशकात वाचातज्ज्ञ बॅरी प्रिझंट वगैरेंच्या कामातून दिसलं की यातल्या बऱ्याच बोलण्याला हेतू असतो. मूल 'पाणी हवंय का?' म्हणतंय तेव्हा ते बहुधा पाणी मागतंय, कारण पाणी मिळतं त्या वेळी हेच वाक्य कानावर पडलेलं आहे. त्याला शांतपणे 'मला पाणी हवंय' हे उदाहरण ऐकवा आणि पाणी द्या, आधी बरोबर बोल मग देतो असं करू नका.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रं, बोर्ड, टॅबलेटवरची बोलणारी ॲप्स, काहीही द्या पण आजच द्या. चित्र दिलं तर मूल बोलायचं थांबेल ही भीती पालकांना असते, शिक्षकांनाही असते, या विषयावरच्या अभ्यासांच्या आढाव्यात तसं दिसलेलं नाही, बोलणं कमी होत नाही आणि काही मुलांचं थोडं वाढतंसुद्धा. १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी पेक्स ही चित्र हातात देऊन हवं ते मागायची पद्धत सुरू केली, तिच्या पहिल्या पायरीत दोन मोठी माणसं लागतात. एकाच्या हातात मुलाला हवी ती गोष्ट, दुसरा मुलाच्या मागे, गप्प. मूल गोष्टीकडे हात नेतं तेव्हा मागचा माणूस त्याला चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायला मदत करतो, आणि गोष्ट लगेच मिळते. 'काय हवंय सांग' असं कोणी विचारायचं नाही, कारण विचारल्यावर उत्तर देणं आणि आपणहून जाऊन मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला दुसरी हवी आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. बऱ्याच वर्गांत कार्डं असतात फक्त खाऊची आणि खेळण्यांची, आणि तीही शिक्षकांच्या कपाटात. अहो, तोंड कपाटात ठेवता येतं का? कार्डं मुलाच्या हाताशी हवीत, आणि सगळ्यात आधी तीन हवीत: 'नको', 'मदत' आणि 'ब्रेक'. पहिले काही आठवडे ब्रेकचं कार्ड दिलं की ब्रेक द्यायचाच, त्या क्षणी, कामाच्या मध्येसुद्धा, दिवसात वीस वेळा मागितला तरी. लोकांना वाटतं याने मूल सोकावेल. पण ओरडून, चावून, टेबल उलटवून जे मिळत होतं ते कार्ड देऊन मिळतंय यावर आधी विश्वास बसू दे, मग 'अजून एक ट्रे आणि मग ब्रेक' असं हळूच ताणता येतं. जाता जाता सांगतो, मुलाचा हात धरून टाइप करवून घेतात ती फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन नावाची पद्धत टाळा, तपासण्यांत वारंवार दिसलंय की शब्द हात धरणाऱ्याचे असतात.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते. हट्ट आणि मेल्टडाऊन, म्हणजे सहन न होऊन मूल कोसळणं, वरून सारखेच दिसतात. हट्टात मूल मध्येच तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये हवं ते दिलं तरी थांबत नाही, कारण तिथे ते काही मागतच नसतं, सगळं त्याच्या ताब्याबाहेर गेलेलं असतं. त्या वेळी शिकवायचं नाही, समजवायचं नाही, का केलंस विचारायचं नाही. बोलणं जवळपास बंद, उजेड कमी, बाकीच्या मुलांना दुसरीकडे न्या, लागेल असं सामान बाजूला करा आणि थांबा. संपल्यावर मूल थकलेलं असतं, लगेच राहिलेलं गणित पुढे करू नका. काही मुलं आतल्या आत मिटतात, गप्प होतात, टेबलावर डोकं ठेवतात, तेही तेच आहे पण आवाज नसल्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही.

खरं काम या सगळ्याच्या आधीचं. वहीत तीन रकाने करा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे लिहिलं की काहीतरी दिसायला लागतं, रोज संगीताच्या तासाआधी, किंवा प्रत्येक वेळी खोली बदलताना, किंवा एका ठरावीक मुलाशेजारी बसवलं की. आणि मारलं की वर्गाबाहेर काढतात, म्हणजे जे नको होतं त्यातून सुटका होते, हे तिसऱ्या रकान्यात आपल्याच अक्षरात लिहिलेलं सापडतं. अचानक, काही कारण नसताना वागणं बदललं तर मात्र रकाने बाजूला ठेवा आणि आधी शरीर तपासायला सांगा. दात, कान, बद्धकोष्ठ. ज्याला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही किंवा आतलं दुखणं नीट ओळखूच येत नाही, ते मूल डोकं आपटूनच सांगणार.

हात फडफडवणं, डोलणं, बोटं डोळ्यांसमोर फिरवणं, याने कोणाला इजा होत नसेल तर असू द्या. त्याने मूल स्वतःला सावरतं, ते दाबायला लावलं तर तेवढीच ताकद दाबण्यात जाते आणि शिकायला उरत नाही. इथे एबीएचा, म्हणजे सराव आणि बक्षिसांनी वागणं बदलायच्या पद्धतीचा, वाद येतो. त्यातल्या इवार लोव्हास या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा अभ्यास गाजला, आठवड्याला ४० तास एकास एक शिकवणं, पण त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही होत्या आणि मूल चारचौघांसारखं दिसावं हेच ध्येय होतं, त्यावर ऑटिस्टिक मोठी माणसं आज फार कडक बोलतात आणि मला त्यांचं पटतं. कामाचे छोटे तुकडे करणं, जमलं की लगेच दाद देणं, नोंद ठेवणं हे तिथून जरूर घ्या. गप्प हात, डोळ्यांत बघ, हे तिथेच सोडा.

सावलीसारखी बसणारी मदतनीस ताई किंवा शॅडो टीचर असेल तर तिची जागा नीट ठरवा. ती मुलाच्या बाजूला चिकटून बसली की तीन गोष्टी होतात, वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं समजायचं सोडतात, बाकीची मुलं जवळ येत नाहीत, आणि मूल प्रत्येक पायरीला तिच्या इशाऱ्याची वाट बघायला लागतं. मदत मुलाच्या मागे राहून करावी, तोंडाने सांगण्यापेक्षा टाइमटेबलकडे बोट दाखवावं, आणि पहिल्या दिवसापासून ही मदत कमी कशी करायची याचा विचार हवा. तोंडी सूचना मागे घेणं सगळ्यात अवघड असतं, चित्र आपोआप मागे राहतं.

आवडीच्या विषयाबद्दल थोडं. ट्रेन, लिफ्ट, डायनासोर, लोगो, पंखे. ऑटिझमच्या अभ्यासक दिना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर पण फार खोल जातं, आणि तिथून ओढून काढलं की खरोखर त्रास होतो. बहुतेक वर्गांत ही आवड ओलीस ठेवतात, काम केलंस तर ट्रेनचं पुस्तक, नाही केलंस तर नाही. बक्षीस म्हणून कधीमधी ठीक, पण त्यापेक्षा ट्रेनच कामात आणा, वेळापत्रकावरून वजाबाकी, स्टेशनांवरून नकाशा. आणि एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही हेही लक्षात असू द्या, टेबलावर नाणी मोजणारं मूल दुकानात मोजेलच असं नाही, तिथे परत शिकवावं लागतं, दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या वस्तू घेऊन.

सगळ्यात कठीण वेळ तासाची नसते, मधल्या सुट्टीची असते. तासाला टाइमटेबल आहे, सुट्टीला काहीच नाही, नुसता गोंगाट आणि कोणी न सांगितलेले नियम. सुट्टीतही दोन-तीन पर्यायांची कार्डं द्या, लायब्ररी, झोका, एका मित्राबरोबर ठरलेला खेळ. बाकीच्या मुलांशीही बोला, पण मुलाच्या आणि घरच्यांच्या परवानगीने. स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये म्हटलं की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, म्हणजे एकट्या ऑटिस्टिक मुलाला संवाद शिकवून भागत नाही, समोरच्यांनाही शिकावं लागतं. आणि जी मुलं, त्यात बऱ्याच मुली, शाळेत अगदी नीट वागतात आणि घरी पोचल्या पोचल्या कोसळतात, त्यांच्या घरच्यांनी सांगितलेलं खोटं समजू नका. दिवसभर बाकीच्यांची नक्कल करून काढलेला तो दिवस असतो.

सुरुवात कुठून? सगळं एकदम करू नका, होणार नाही. पहिल्या आठवड्यात आधी-मग बोर्ड, एक 'झालं' पेटी आणि ब्रेकचं कार्ड. घरच्यांना विचारा झोप कशी आहे, काय सहन होत नाही, चिडायच्या आधी काय दिसतं. तीन आठवड्यांनी मूल शांत झालं की कोणीतरी नक्की म्हणणार, आता गरज नाही, काढून टाका ते बोर्ड. काढू नका, त्यामुळेच तर शांत झालंय. रूप बदला, वस्तूंचे फोटो, फोटोंचे शब्द, शब्दांची खिशातली यादी, पुढे ती यादी मुलानेच सकाळी लिहायची. आणि वर्ष संपलं की पुढच्या शिक्षकाला एक पान लिहून द्या: कार्ड कुठल्या प्रकारचं चालतं, किती लांबीचं, कुठले आवाज सहन होत नाहीत, दमल्यावर पहिली खूण काय, आणि त्या वेळी काय केलेलं चालतं. बोर्ड, पेटी आणि कार्डं पण त्याच मुलाबरोबर पुढच्या खोलीत पाठवा, तिथे नवीन बनवून येईपर्यंत वाट बघायला लावू नका.